शेक्सपिअरचे अर्धपुतळे आणि त्यांचा संग्रह

इंग्लिश नाटककार व कवी विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याचे डोके, मान व खांदे एवढाच भाग दाखवणारी शिल्पे जमवण्याचा छंद. असे अर्धपुतळे संगमरवर, ब्राँझ, भाजलेली माती, चिनीमाती, प्लॅस्टर आणि जस्ताचा मिश्रधातू अशा सर्व माध्यमांत मिळतात. काही मुठीत मावतात, तर काही खऱ्या माणसाच्या मापाचे असतात.

शेक्सपिअर समोर बसला आहे आणि शिल्पकार त्याला पाहून माती घडवतो आहे, असे कधी घडल्याचा निर्विवाद पुरावा नाही. त्यामुळे प्रत्येक पुतळा कुठल्या तरी आधीच्या चेहऱ्यावरून आलेला असतो, आणि तो चेहरा कोणता हे ओळखण्यातच या संग्रहाची खरी गोडी आहे. संगीतात घराणी असतात तशी इथे चेहऱ्यांची घराणी आहेत.

मूळ चेहरे

सर्वांत जुना चेहरा स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथील होली ट्रिनिटी चर्चमध्ये, कबरीजवळच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे. चुनखडीच्या दगडातला हा शेक्सपिअर गुबगुबीत गालांचा आहे. एका हातात पिसाची लेखणी, दुसऱ्या हाताखाली कागद आणि दोन्ही हात उशीवर टेकलेले. १६२३ साली निघालेल्या नाटकांच्या पहिल्या फोलिओतील (मोठ्या आकाराच्या संग्रहग्रंथातील) एका कवितेत स्ट्रॅटफर्डच्या स्मारकाचा उल्लेख येतो. म्हणजे तोवर ते उभे राहिले होते आणि कवीला डोळ्यांनी पाहिलेली माणसे गावात होती. हे काम परंपरेने गेरार्ट यान्सेन या शिल्पकाराच्या नावावर आहे. २०२१ मध्ये लीना कोवेन ऑर्लिन या अभ्यासिकेने ते त्याचा भाऊ निकोलस याचे असावे आणि शेक्सपिअरने हयातीतच करवून घेतले असावे, असे मत मांडले. हे मत टिकले, तर लोक ज्याला ओबडधोबड म्हणून नाके मुरडत आले, तोच पुतळा खऱ्या माणसाच्या सर्वांत जवळचा ठरेल.

हा पुतळा मुळात रंगीत होता. १७४९ मध्ये त्याची डागडुजी झाली. १७९३ मध्ये एडमंड मलोन या संपादकाच्या आग्रहावरून तो सबंध पांढरा रंगवण्यात आला, आणि १८६१ मध्ये पांढरा थर काढून रंग पुन्हा आणले गेले. जॉर्ज बुलक याने १८१४ मध्ये त्यावरून प्लॅस्टरची प्रतिकृती घेतली ती या पांढऱ्या काळात. पुढे १९७३ मध्ये काही जणांनी हा पुतळा कोनाड्यातून उचलून खाली काढला. आत हस्तलिखिते दडवलेली असतील या आशेने ते आले असावेत, असा पोलिसांचा कयास होता. सुदैवाने नुकसान थोडक्यावर निभावले.

दुसरे घराणे ‘चँडॉस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तैलचित्राचे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात १८५६ मध्ये दाखल झालेले हे पहिले चित्र. त्यात कानात बाळी, सैल गळपट्टी आणि विचारात बुडालेली नजर आहे. अठराव्या शतकाला कवी असाच हवा होता, म्हणून त्या काळचे शिल्पकार स्ट्रॅटफर्डपेक्षा या चित्राकडे अधिक वळले. पीटर शीमेकर्सने विल्यम केंटच्या आराखड्यावरून वेस्टमिन्स्टर ॲबेसाठी उभा पुतळा केला, तो १७४१ मध्ये खुला झाला. लुई-फ्रान्स्वा रुबियाक याने १७५८ मध्ये नट डेव्हिड गॅरिकसाठी पूर्णाकृती पुतळा घडवला. गॅरिकने तो थेम्सकाठी हॅम्प्टनला, शेक्सपिअरसाठी बांधलेल्या मंदिरात ठेवला होता. मृत्युपत्राप्रमाणे तो पुढे ब्रिटिश म्युझियमकडे गेला आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. हे दोन्ही पूर्णाकृती असले, तरी पुढच्या कितीतरी अर्धपुतळ्यांचे चेहरे त्यांच्याच वळणाचे आहेत.

या घराण्यातली सर्वांत रंजक गोष्ट ‘डॅव्हनंट’ अर्धपुतळ्याची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स भागात एका जुन्या इमारतीच्या भिंतीत भाजलेल्या मातीचा एक पुतळा सापडला. त्या जागी पूर्वी विल्यम डॅव्हनंट या सतराव्या शतकातील नाटककाराचे नाट्यगृह होते. साहजिकच पुतळा सतराव्या शतकातला समजला गेला आणि त्याला तेच नाव पडले. आता तो रुबियाकचा, म्हणजे शंभरेक वर्षे नंतरचा मानला जातो. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. मूळ पुतळा लंडनच्या गॅरिक क्लबमध्ये आहे. मान किंचित वळलेली, ओठ बोलू पाहणारे. सर्व चेहऱ्यांत हा सर्वांत जिवंत आहे.

पहिल्या फोलिओच्या आरंभी मार्टिन ड्रूशाउटने केलेले कोरीवचित्र आहे. मोठे कपाळ व ताठ कॉलर ही त्याची खूण. पण ते इतके सपाट आहे की शिल्पाला त्यातून फार थोडे मिळते. याशिवाय १८४९ मध्ये जर्मनीतील माइन्झ येथे लुडविग बेकर याला ‘१६१६’ हा आकडा असलेला मृत्यूनंतरचा मुखवटा मिळाला. बहुतेक अभ्यासक तो शेक्सपिअरचा मानत नाहीत. तरी विल्यम पेज या अमेरिकन चित्रकाराने त्यावरून अर्धपुतळा केला, आणि अशी एखादी प्रत हाती आली तर संग्राहक ती सोडत नाही.

कारखान्यांतून घरांत

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सधन घरांत पुस्तकांच्या कपाटांवर लेखकांचे अर्धपुतळे मांडण्याची रीत पडली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या लाँग रूममध्ये शीमेकर्सच्या अर्धपुतळ्यांच्या रांगेत शेक्सपिअर आजही पाहता येतो. संगमरवर न परवडणाऱ्यांसाठी जॉन चीअरसारखे कारागीर प्लॅस्टर व शिशाच्या प्रती विकत. मातीच्या वस्तूंचा कारखानदार जोसाया वेजवुड याने १७६८ च्या सुमारास ‘ब्लॅक बसॉल्ट’ ही काळी, बिनझिलईची कठीण माती बाजारात आणली आणि तिच्यात लेखकांचे अर्धपुतळे काढले. ‘वेजवुड अँड बेंटली’ असा दाबलेला ठसा असेल, तर वस्तू १७६९ ते १७८० मधली, कारण त्याचा भागीदार बेंटली १७८० मध्ये वारला.

१८४० च्या दशकात पॅरियन आले. ग्रीसमधल्या पॅरोस बेटाच्या संगमरवरासारखी दिसणारी ही चिनीमाती कोपलँड, मिंटन यांसारख्या कारखान्यांनी लोकप्रिय केली. मोठ्या शिल्पाची मापात लहान प्रत काढणारे बेंजामिन चेव्हर्टनचे यंत्र याच काळातले. १८६४ मध्ये शेक्सपिअरच्या जन्माला ३०० वर्षे झाली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतल्या फळीवरही तो विराजमान झाला.

विसाव्या शतकात एक अनपेक्षित संग्राहकवर्ग आला. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅटमॅन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत नायकाच्या अभ्यासिकेत शेक्सपिअरचा अर्धपुतळा होता. त्याचे डोके मागे कलंडवले की आत कळ दिसे आणि ती चालवली की पुस्तकांचे कपाट सरके. त्या पुतळ्याच्या प्रतिकृती आजही हौसेने बनवल्या व जमवल्या जातात. लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या त्या डोक्यातून कुणी पुढे नाटकांपर्यंत पोचत असेल, तर या वर्गाला हिणवण्याचे काही कारण नाही.

पारख व निगा

पुतळा हाती आला की आधी तो उलटा करावा. ठसा, साच्याचा क्रमांक, कारागिराचे नाव हे बहुधा पाठीवर किंवा बैठकीच्या आत सापडते. साच्यातून काढलेल्या वस्तूवर जोडरेषा असतात. चांगल्या कारखान्यात त्या घासून काढत, स्वस्त प्रतींत त्या कानामागे तशाच राहत. तयार पुतळ्यावरूनच नवा साचा केला असेल, तर प्रत मूळ वस्तूपेक्षा लहान भरते, कारण ब्राँझ थंड होताना आणि माती भट्टीत भाजताना आकसते. त्यामुळे कपाळापासून हनुवटीपर्यंतचे माप संग्राहकाने वहीत टिपलेले असावे. केसांची व मिशीची धारही अशा प्रतीत बोथट होते.

जस्ताच्या मिश्रधातूवर ब्राँझचा रंग चढवलेल्या वस्तू फार फसवतात. बैठकीच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडा असेल तिथे पाहावे. आत करडा पांढुरका धातू दिसला तर ते ब्राँझ नव्हे.

पॅरियन कोमट पाण्याने पुसता येते. संगमरवराला लिंबू, व्हिनेगर असे काहीही आंबट लावू नये. प्लॅस्टरला तर पाणी दाखवूच नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. जुना रंग पोपडे धरत असला तरी स्वतः नवा रंग देण्याचा मोह आवरावा, कारण खालचे मूळ थर हीच वयाची साक्ष असते. स्ट्रॅटफर्डचा पुतळा पांढरा केल्यावर पुढे चर्चला आलेल्या एका पाहुण्याने तिथल्या वहीत चार ओळींचे पद्य लिहून, पुढे येणाऱ्यांनी मलोनवर कवीचा शाप मागावा अशी विनंती केली होती.