‘पेट’ म्हणजे पोट नव्हे: मेंदू पाहणारी दोन यंत्रं एकत्र आली त्याची गोष्ट

“फिट डोक्यातून येते म्हणता, मग डॉक्टरांनी पोटाचा स्कॅन कशाला सांगितला रे?” नातवाची फाईल पुढे करत मावशीने विचारलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ब्रेन पेट-एमआरआय’. हिंदीतल्या ‘पेट’मुळे हा गैरसमज बऱ्याच घरांत होतो. हा पेट म्हणजे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी.

एमआरआयमध्ये मेंदूची घडण दिसते: घड्या, खाचा, करडा भाग, पांढरा भाग. पण घडण बरी दिसली म्हणजे कामही बरं चाललंय असं नाही. ते काम पेटमध्ये दिसतं. फ्लोरिन-18 (फ्लोरिनचं किरणोत्सारी रूप) जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. पेशी ते नेहमीचं ग्लुकोज समजून आत घेतात, पण फ्लोरिनमुळे त्याचं पचन पहिल्या पायरीनंतर अडतं आणि ते पेशीतच अडकून पडतं. जिथे भूक जास्त, तिथे साठा जास्त. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन प्रभार असलेला जुळा, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. डोक्याभोवतीच्या कड्यातल्या दोन स्फटिकांवर ते एकाच वेळी आदळले, की उगम त्या दोन स्फटिकांना जोडणाऱ्या रेषेवर आहे हे कळतं.

ही दोन यंत्रं एकात एक बसवणं मात्र फार अवघड होतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. गॅमा किरण आदळला की स्फटिकात अगदी मंद चमक उठते. ती टिपायला पूर्वी निर्वात नळ्या असत. चमकेने एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो धातूच्या पट्टीवर आदळून तीन-चार उडवतो, ते पुढच्या पट्टीवर आदळतात, असं करत एकाचे सुमारे दहा लाख होतात. पण एमआरआयचं चुंबकीय क्षेत्र 3 टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण 60,000 पट. नळीतल्या त्या काही सेंटिमीटरच्या प्रवासात इलेक्ट्रॉनची वाट वाकते आणि पुढची पट्टी चुकते. मग नळीऐवजी सिलिकॉनची चकती आली. तिच्यातही एका इलेक्ट्रॉनपासून अनेक सुटतात, पण सगळा प्रवास मिलिमीटरच्या काही हजारांश भागांत उरकतो. वाकायला जागाच नाही! 2010 मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात अख्ख्या शरीराचा असा स्कॅनर बसला. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत तो आहे.

एक अडचण तरीही राहिली. साध्या एमआरआयमध्ये हाड जवळजवळ दिसतच नाही, आणि कवटी तर काही गॅमा किरण अडवते. तिचा हिशेब धरला नाही तर कवटीलगतचा मेंदू उगाच मंद दिसतो. म्हणून हाडाचा क्षीण संदेश विरायच्या आत, मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात, पकडणारी वेगळी एमआरआय पद्धत वापरतात.

अपस्मारात, म्हणजे फिट येण्याच्या आजारात, हा हिशेब फार मोलाचा, कारण तिथे शोध मंद जागेचाच असतो. ज्या जागेतून झटका उठतो, ती दोन झटक्यांच्या मधल्या काळात सहसा ग्लुकोज कमी घेते आणि चित्रात काळपट दिसते.

मावशीचा नातू उपाशीपोटी गेला. इंजेक्शननंतर त्याला मंद उजेडाच्या खोलीत निजवलं. मोबाईल नाही, बोलणं नाही, डोक्याला मेंदूतली विद्युत हालचाल टिपणाऱ्या ईईजीच्या तारा. मध्येच झटका आला असता तर तीच जागा उलट उजळली असती. बाहेर बाकावर एक बाई मावशीला चप्पल हुंगवायचा उपाय सांगत होत्या. झटका बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जातं. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांहून जास्त चालला तर दवाखाना गाठा.

मुलाचे आधीचे दोन्ही एमआरआय ‘नॉर्मल’ होते. या वेळी डाव्या कपाळामागे एका खाचेच्या तळाशी काळपट ठिपका दिसला. डॉक्टरांनी त्याच वेळी काढलेलं एमआरआय चित्र त्याखाली धरलं आणि मोठं करून पाहिलं. करड्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ नेमकी तिथे, जेमतेम नखाएवढ्या जागेत, पुसट झाली होती.