जुना वस्तरा: चामोटी पुरेल की दगड लागेल?

खानदेशातल्या जुन्या घरांत आवराआवर निघाली की पत्र्याच्या पेटीतून कधीकधी आबांचा वस्तरा हाती लागतो. पात्याच्या बुडाशी जर्मनीतल्या ‘सोलिंगेन’ किंवा इंग्लंडमधल्या ‘शेफील्ड’ या शहराचं नाव कोरलेलं असतं. मग प्रश्न पडतो, चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, घासून भागेल की जाणकाराकडून दगडावर धार लावून घ्यावी? दोन्हीकडे पातं मागेपुढे फिरताना दिसतं, म्हणून बरेच जण ही कामं एकच समजतात.

दगड पोलाद झिजवतो. वस्तऱ्याची जाड पाठ आणि कड एकाच वेळी दगडावर टेकतात, त्यामुळे धारेचा कोन पात्याच्या घडणीतूनच ठरतो. तो साधारण 16-17 अंशांचा असतो. कड पुढे ठेवून पातं ढकलायचं. दगडाचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. 1000 नंबरच्या दगडावर दोन्ही बाजूंचे उतार कडेला नेमके मिळवायचे, मग 4000, 8000 आणि शेवटी 12000 वर चरे बारीक करत जायचं. पहिली पायरी कच्ची राहिली तर पातं आरशासारखं चमकेल, पण केस कापणार नाही. जाणकाराला पैसे द्यायचे ते या पहिल्या पायरीसाठी.

चामोटीवर उलटं असतं. पाठ पुढे, कड मागे. नाहीतर चामडंच कापलं जातं. इथे पोलाद जवळजवळ झिजत नाही. धारेचं अतिसूक्ष्म टोक सरळ आणि स्वच्छ होतं, एवढंच. दर दाढीआधी 30-40 फेऱ्या पुरतात. मात्र जी धार मुळात नाही, ती चामोटी कितीही घासली तरी आणू शकत नाही.

म्हणून आधी कड वर करून दिव्याखाली धरा. चांगली धार प्रकाश परतवत नाही. कडेवर पांढरी चमकती रेघ किंवा ठिपके दिसले तर ती बोथट किंवा तुटकी आहे, म्हणजे दगडच लागणार. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या वस्तऱ्याची बहुधा हीच गत असते. रोज वापरातला वस्तरा नुकताच केस ओढायला लागला असेल, तर आधी चामोटी करून पाहा.

खर्च करण्याआधी पोलाद तपासा. वरवरचा तांबूस गंज निघतो. पण कडेपाशी काळे खड्डे असतील, तर नवी धार तिथे पुन्हापुन्हा तुटते. पात्याला तडा असेल, तर कुणाकडेही पाठवू नका. तो वस्तरा तेल लावून आठवण म्हणून जपावा. दांडी सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) असेल आणि घामेजल्यासारखी दिसत असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर पातं तिच्यापासून लगेच वेगळं करा. ती कुजताना आम्लाची वाफ सोडते आणि त्यानेच पातं गंजतं. जळगाव-भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तापलेली बंद पेटी हे कुजणं वाढवते.

आणि कळकळीने सांगतो, सायकलवरच्या फिरत्या चाकाच्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. विळ्याला, सुरीला त्याचा हात उत्तम. पण वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की चाकावर ती क्षणात तापते. 200 अंशांच्या पुढे गेली की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरू लागतं. निळसर झाक आली, तर तो भाग कोणत्याही दगडावर टिकाऊ धार धरत नाही. आता सलूनमध्ये बदलायच्या ब्लेडचा वस्तरा असतो, त्यामुळे दगडावर हात बसलेला माणूस जवळपास सापडेलच असं नाही. लांब पाठवावा लागला तरी चालेल. मात्र शेवटचा दगड कोणता आणि तो सपाट केलेला आहे का, हे आधी विचारा.

एकदा जाणकाराकडून, मग रोज आपल्या चामोटीवर, असं माझं मत. धार लावून आलेला वस्तरा मात्र पहिल्या दाढीआधी चामोटीला लावू नका, आहे तसाच वापरा. ती दाढी सफाईदार झाली आणि दुसऱ्या वेळी, चामोटीनंतर, वस्तरा ओढू लागला, तर खोट दगडाच्या कामात नाही, चामोटीवरच्या हातात आहे हे कळतं.