थायरॉइडची गोळी : आईची आणि मांजराची

सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासाने, मग दोन-तीन महिन्यांनी टीएसएचची रक्ततपासणी. थायरोनॉर्मचं, म्हणजे माणसांच्या थायरॉइडच्या गोळीचं, हे वेळापत्रक आपल्याकडे घराघरांत पाठ असतं, त्यात शिरत नाही. म्हातारं मांजर भरपूर खाऊनही वाळत चाललं, रात्रभर ओरडत हिंडायला लागलं आणि रिपोर्टात थायरॉइड निघालं, की कोणीतरी हमखास म्हणतं, "माझ्यातलीच पाव गोळी दे की." अजिबात देऊ नका. तुमची गोळी म्हणजे थायरॉइडचं हार्मोनच, आणि मांजरात तेच उतू चाललेलं असतं. त्याला लागतं हार्मोन बनणं अडवणारं मेथिमाझोल, नाहीतर शरीरात गेल्यावर मेथिमाझोलच होणारं कार्बिमाझोल. मात्र दोघांचे मिलिग्रॅम सारखे धरायचे नाहीत : 5 मिग्रॅ कार्बिमाझोल म्हणजे जेमतेम 3 मिग्रॅ मेथिमाझोल.

एवढं बहुतेकांना एकदा सांगितलं की कळतं. अडतं ते पुढे, "गोळी सुरू केली आणि किडनी गेली" इथे. हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत.

वाढलेल्या हार्मोनमुळे हृदय जोरात धावतं, किडनीत रक्त जास्त येतं आणि गाळणीही जास्त होते. शिवाय क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात तो स्नायूंतून येणारा कचरा, स्नायू झडलेले असल्यामुळे तयारच कमी होतो. म्हणजे किडनी आधीपासून थकलेली असली तरी रिपोर्ट छान दिसतो. गोळीने हार्मोन ताळ्यावर आलं की हा मुलामा उतरतो आणि खरा आकडा समोर येतो. बिचाऱ्या गोळीवर आळ येतो, मालक ती बंद करतात, मग मांजराचं हृदय आणि रक्तदाब पुन्हा भरडले जातात.

म्हणून सुरुवात कमी मात्रेने : सहसा मेथिमाझोल 1.25 ते 2.5 मिग्रॅ, दर बारा तासांनी. 2 ते 4 आठवड्यांनी टी-फोर (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) आणि क्रिएटिनिन एकाच वेळी तपासायचं. नुसता टी-फोर करून "नॉर्मल आला" म्हणत घरी परतणं मला पटत नाही. क्रिएटिनिन वाढलंय आणि टी-फोर नॉर्मल आहे, तर गोळी चालू ठेवून किडनीचे उपचार जोडायचे. क्रिएटिनिन वाढलंय आणि टी-फोर मर्यादेखाली गेलाय, तर मात्रा जास्त झाली. ती कमी करायची, कारण कमी पडलेलं हार्मोनही किडनीला बाधतं. हा फरक टी-फोर शेजारी ठेवल्याशिवाय दिसतच नाही. मात्रा वाढवणं-घटवणं अर्थातच डॉक्टरांनी सांगितल्यावर, परस्पर नाही.

गोळीचा स्वतःचा त्रास वेगळा, आणि तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांत दिसतो. थोडी उलटी, मंदावलेली भूक याला अनेकदा मात्रा कमी करून भागतं. पण मांजर कानापुढचा भाग, मान रक्त येईपर्यंत खाजवू लागलं, हिरड्या पिवळ्या दिसल्या, ताप आला किंवा खाणंच सोडलं, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रक्तपेशींची तपासणीही याच काळात हवी.

गोळीचा चुरा करून दुधात कालवण्याची हौस आवरा. घरात कोणी गरोदर असेल तर गोळी दुसऱ्याने द्यावी, निदान हातमोजे घालून.