जुनी कॅसेट सापडली? लगेच लावून बघू नका!

जुन्या टेपा आणि फिल्म डिजिटल करून द्यायचं आमचं काम. संग्रहालयांकडून फोन आला की बहुतेक वेळा हेच ऐकायला मिळतं, कपाटात जुन्या टेपा सापडल्यात, एकदा लावून बघतो काय आहे ते, मग पाठवतो. प्लीज, नका लावू! वर्षानुवर्षं बंद असलेली टेप कधीकधी एकदाच वाजते.

विशेषतः १९७०-८० च्या दशकातल्या टेपा. त्यांच्यावरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा गोंद हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो, मग टेप मशीनच्या हेडला (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) घासत किरकिरते आणि मागे तपकिरी राड उरते, ती राड म्हणजे तुमचं रेकॉर्डिंगच. अशा टेपा आम्ही साधारण ५४ अंशांवर काही तास चक्क भाजतो, त्यानंतर काही दिवस त्या नीट चालतात आणि तेवढ्यात कॉपी उरकायची. घरच्या ओव्हनमध्ये ट्राय करू नका, आणि ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या जुन्या टेपांना तर हा उपाय अजिबात चालत नाही.

फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर तो डबा लगेच बाकीच्यांपासून लांब, थंड कोरड्या जागी ठेवा, त्यातनं निघणारं ॲसिड शेजारच्या रिळांनाही बिघडवतं. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची ३५ एमएम फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या प्लास्टिकची, असू शकते, ती पेटली तर पाण्यातही विझत नाही. तिथे आधी आम्हाला फोन.

फाईल एमपी३ मध्येच द्या ना, छोटी होते, असं खूप जण म्हणतात. ऐकायला देतो की! पण मास्टर, म्हणजे कायमची जपायची कॉपी, मात्र ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हच (काहीही न कापलेली ऑडिओ फाईल), स्टिरिओ असेल तर तासाला साधारण २ जीबी. एमपी३ करताना जे कापलं जातं ते नंतर परत आणता येत नाही. तीन कॉपी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. आणि डिजिटल झालं म्हणून मूळ टेप फेकायची नाही हं.

पाठवताना डब्यातली चिठ्ठी काढू नका, कितीही फाटकी असू दे. एका रिळाच्या दोन बाजू वेगवेगळ्या स्पीडला रेकॉर्ड केल्यात हे आम्हाला डब्याच्या झाकणावरच्या पेन्सिलीतल्या दोन आकड्यांवरनं कळलं होतं.