टाकीतला हायड्रोजन सल्फाईड आणि कामगारांची सुरक्षा

हायड्रोजन सल्फाईड, कंपनीत सगळे एचटूएस म्हणतात, हा सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी गॅस. ईटीपीच्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) टाक्या, सांडपाण्याचे चेंबर, सेप्टिक टँक, जिथे गाळाला हवा लागत नाही तिथे जिवाणू सल्फेटपासून तो बनवतात, त्यामुळे तारापूर, महाड, लोटे अशा केमिकल पट्ट्यात तर हा विषय रोजचाच. सल्फाईडचं पाणी आणि ॲसिडचं पाणी एकाच टाकीत सोडलं तरी तो भसकन सुटतो.

वासावर विसंबून राहणं सगळ्यात घातक. अगदी 1 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग गॅस) खालीही वास येतो, पण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि माणूस खाली उतरतो, गॅस 500 च्या पुढे गेला की माणूस काही श्वासांत कोसळू शकतो. कामाच्या 8 तासांसाठी मर्यादा आहे फक्त 10 पीपीएम. गॅस हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, त्यात गाळ फावड्याने ढवळला की अडकलेला गॅस एकदम वर येतो, म्हणून गॅस मोजायचा मीटर वर, मध्ये, खाली असा सोडून बघायचा आणि काम चालू असतानाही माणसाच्या अंगावर चालूच ठेवायचा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही, ब्लोअर (आत ताजी हवा सोडणारा पंखा) लावायचा. साधा मास्क किंवा कार्ट्रिजवाला (गॅस गाळणारी डबी लावलेला) मास्क ऑक्सिजन देत नाही हे कामगाराला कुणी सांगतच नाही, कॉन्ट्रॅक्टवाल्याला तर नाहीच, आणि उतरवतात त्यालाच.

कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 36 मध्ये हे सगळं होतं: एकतर टाकी सुरक्षित असल्याचं जाणकार माणसाचं लेखी सर्टिफिकेट, नाहीतर श्वसनयंत्र आणि पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. गटार आणि सेप्टिक टँकमध्ये तर संरक्षणाशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या हाताने मैलासफाई बंदीच्या कायद्याने बंदीच आहे.

बऱ्याच दुर्घटनांत पहिला पडला म्हणून वाचवायला दुसरा उडी मारतो, मग तिसरा. वर थांबलेल्याने आत जायचंच नाही, दोराने किंवा ट्रायपॉडच्या विंचने (तोंडावर ठेवलेल्या तिपाईच्या दोर गुंडाळणाऱ्या चक्राने) वर ओढायचं, आत जावंच लागलं तर पाठीवर हवेचा सिलिंडर असलेल्या ट्रेनिंग झालेल्या माणसानेच, आणि हे सगळं सामान टाकीचं झाकण उघडायच्या आधी तिथे हजर पाहिजे.