पारा न हलवणारी उष्णता

बटाटे उकडायला ठेवले, पाण्याला खळखळून उकळी फुटली, तरी गॅस मोठाच. आच जास्त तर बटाटे लवकर शिजणार, असा घरोघरचा समज. उघड्या पातेल्यात तसं होत नाही. पाणी 100 अंशांवर गेलं की आच कितीही वाढवा, ते फक्त लवकर आटतं. मग ती जादा उष्णता जाते कुठे?

ग्लासगो विद्यापीठात 1760 च्या सुमारास जोसेफ ब्लॅक यांनी हाच प्रश्न बर्फाबाबत विचारला. तो प्रयोग मला अठराव्या शतकातला सर्वांत देखणा वाटतो. वितळायला टेकलेल्या बर्फाला जराशी ऊब मिळाली की त्याचं लगेच पाणी होतं, असं तेव्हा मानत. ब्लॅक यांचं म्हणणं, तसं असतं तर डोंगरावरचा बर्फ एकदम वितळून दरवर्षी महापूर आले असते.

त्यांनी काचेचे दोन सारखे चंबू एका थंड, मोठ्या खोलीत टांगले. एकात गोठायच्या बेतातलं पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ. पाणी अर्ध्या तासात 7 अंश फॅरनहाइटने चढून 40 वर आलं. बर्फ वितळून 40 वर यायला लागले साडेदहा तास, म्हणजे 21 अर्धे तास. दर अर्ध्या तासाला बर्फालाही खोलीतून तेवढीच, 7 अंशांची उष्णता मिळाली असं धरलं, तर 21 गुणिले 7, झाले 147. त्यातले 32 ते 40 हे 8 अंश थर्मामीटरने दाखवले. उरलेल्या 139 अंशांची उष्णता बर्फाने गिळली आणि पाऱ्याला पत्ताच नाही! आजचा आकडा 144 आहे. हाच अप्रकट उष्मा. तो रेणूंची पकड सोडवण्यात खर्च होतो.

वाफेत तो कितीतरी जास्त, ग्रॅममागे 540 कॅलरी. किटलीचं झाकण उडताना पाहून वॅटला इंजिन सुचलं, ही गोष्ट मुलांना सांगणं आता थांबवायला हवं. त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट यांनी मोजलं होतं, की वाफ स्वतःच्या सहापट वजनाचं विहिरीचं पाणी उकळीला आणते. चक्रावून ते ब्लॅक यांच्याकडे गेले. पाणी 10 अंश सेल्सिअसचं धरा, म्हणजे उकळीपर्यंत ग्रॅममागे 90 कॅलरी: 540 भागिले 90, बरोबर 6. तेव्हा वापरात असलेल्या न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनात सिलिंडर दर फेरीला थंड होई आणि तो पुन्हा तापवण्यात ही महागडी वाफ वाया जाई. 1765 मध्ये वॅट यांना वाफ थंड करायला वेगळं भांडं सुचलं.

माठाचंही तेच. मातीच्या गूढ गुणांच्या जाहिरातींवर जाऊ नका. पाझरलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणूनच मे महिन्यात नागपुरात गारेगार पाणी देणारा माठ जुलैच्या दमट रत्नागिरीत जेमतेमच गार होतो.