उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करू नका

एप्रिल-मे आला की हवा भरणारा हमखास सांगतो, "उन्हाळा आहे, दोन-चार पॉइंट कमीच भरतो, नाहीतर टायर फुटेल." सल्ला काळजीपोटी असतो, पण नेमका उलटा आहे.

उन्हाने हवा प्रसरण पावते हे खरं. पण किती? तापमान साधारण 5-6 अंशांनी वाढलं तर दाब जेमतेम 1 पीएसआय (म्हणजे हवा भरणाऱ्याचा एक पॉइंट) वाढतो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. टायर फुटण्याचं मोठं कारण कमी हवा हेच आहे. हवा कमी असली की टायर बसतो, प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजू दुमडतात आणि सरळ होतात. त्यातून उष्णता साठते, आतले थर सुटू लागतात. समृद्धी महामार्गावर भरलेली गाडी तासन्‌तास 120 च्या वेगाने पळवली, तर ही उष्णता बाहेर पडायला उसंतच मिळत नाही.

ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो. त्यावरचा आकडा भरा, तोही सकाळी, गाडी फिरवण्याआधी. भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर लांबच्या प्रवासाला तो घ्या. वाटेत थांबून मोजल्यावर दाब जास्त दिसला, तरी कृपा करून हवा सोडू नका.

टायर कधी बनला हे सांगणारे त्यावरचे चार अंकही बघा: 2317 म्हणजे 2017 चा 23 वा आठवडा. इतका जुना, बाजूला तडे गेलेला टायर असेल, तर हवेचा हिशोब सोडा आणि आधी टायर बदला.